अप्पांची खालची कवळी

कोपरखैरणे, ११ जानेवारी

ताई,

तुझं पार्सल पोचलं. पाठवणाऱ्याचं नाव तुझ्या अक्षरात बघून बरं वाटलं, मग आत चिठ्ठी शोधली. ती नव्हती. दिवाळीत तू न जेवता कराडला परत गेलीस, त्यानंतर तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट: कवळी स्वच्छ करायच्या गोळ्यांचा खोका. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहिते आहे. कागद पाठकोरे आहेत, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जुन्या परिपत्रकांचे. त्यावरून आधी हसून घे.

अप्पा बरे आहेत. थंडीमुळे सध्या बागेतल्या कट्ट्यावर जात नाहीत. दुपारी मऊ भात आणि ताक आवडीने घेतात. रात्रीही भातच. भाकरी नको म्हणतात, या वयात हलकं बरं असतं. पॅन्टला पट्टा लावायला लागले आहेत, पण ते सगळ्याच म्हाताऱ्यांचं होत असावं.

गोळ्यांबद्दल खरं सांगते, कारण तू विचारशील. त्या कपाटात ठेवल्या आहेत. प्रत्येक गोळी वेगळ्या चमकत्या पाकिटात आहे, त्या पाकिटात धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटवलेलं असतं. ते भंगारवाला घेत नाही आणि मातीही घेत नाही. रोज एक पाकीट म्हणजे किती होतं याचा मी विचार करत बसते. पण म्हणून अप्पांची आबाळ होते असं समजू नकोस. त्यांच्या दोन्ही कवळ्या रोज सकाळी मी स्वतः घासते, माझ्याच हातच्या मंजनाने. मीठ, कोळशाची पूड, लवंग. आणि दर रविवारी खालची-वरची दोन्ही कढत पाण्यात घालते, लोणच्याच्या बरण्या उकळून घेतो तशा. त्यात एक जंतू जिवंत राहत नसेल.

दिवाळीत तू म्हणालीस, "तुझा कचऱ्याचा डबा रिकामा राहावा म्हणून या घरात माणसं उपाशी राहतील." ते मी डायरीत लिहून ठेवलं आहे. रागाने नाही. खरं असेल तर कळावं म्हणून. तू असंही म्हणालीस, की असंच चाललं तर अप्पांना घेऊन जाईन. ताई, ते करू नकोस. आई गेल्यावर मीच हट्टाने त्यांना इथे आणलं. संध्याकाळी मी जिना चढताना माझ्या चपलांचा आवाज ओळखून ते बेल वाजायच्या आधी दार उघडतात. मला त्याची सवय झाली आहे.

केयूर आपल्या मेव्हणीला नमस्कार सांगतो. खरं म्हणजे तो म्हणाला, "लिहितेयस ते सगळं लिही." मी म्हटलं, सगळंच तर लिहिलं.

ऋता


कोपरखैरणे, २३ जानेवारी

ताई,

हे पत्र वाचून तू आधी हसशील. पुढे हसू येणार नाही, म्हणून आधीच हसून घे.

काल सोसायटीत माघी गणपतीचा महाप्रसाद होता. दरवर्षी थर्माकोलच्या ताटांचा ढीग लागतो. या वेळी मी आणि इशरतने हट्ट धरला की केळीच्या पानांवर पंगत बसवायची. इशरत म्हणजे आमच्या समोरच्या विंगमधली, मूळची श्रीवर्धनकडची. सोसायटीतला ओला कचरा जिरवायचा खड्डा आम्ही दोघी सांभाळतो. पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या, पानं मांडली. अप्पा पंगतीत ताठ बसले होते, शाळेच्या कवायतीला बसवल्यासारखे. मी वाढपात होते. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी, मठ्ठा. जेवणं झाली, सगळ्यांनी पानं दुमडली, मुलांनी ती गोळा करून थेट खड्ड्यात नेली. एक कागद नाही, एक चमचा नाही. मी इतकी खूश होते की विचारू नकोस.

घरी आल्यावर अप्पा बोलेनात. चहा हवा का विचारलं तर मान. बिस्कीट हवं का तर हात. उपरण्याचं टोक तोंडावर धरून बसलेले.

"अप्पा, दात दुखतात का?"

मानेनेच नाही.

"अप्पा, उपरणं काढा बघू."

काढलं. खालचा ओठ आत गेलेला.

"खालची कवळी कुठाय?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि हवेत पान दुमडून दाखवलं. मला कळायला क्षणभर वेळ लागला.

"पानाखाली ठेवली होती," ते म्हणाले, आणि शब्द ओले, पसरट आले. ज्या आवाजाने शाळेच्या मैदानाच्या त्या टोकाची पोरं सावधान व्हायची, तो आवाज. "यजमान म्हणाले उठा, मी पान दुमडलं. हात चालला, डोकं नाही चाललं."

"पण जेवताना काढली कशाला?"

"मठ्ठा पिताना मध्ये येते."

"मठ्ठा पिताना दात मध्ये कसे येतील?"

"मग तूच पी की."

मी आणि इशरत हातमोजे घालून खड्ड्यात उतरलो. आजूबाजूला निम्मी सोसायटी. इशरत पान उलगडते आणि बोलते, दोन्ही एकदम. "वर्षभर लोकांच्या दारात जाऊन बोंब मारतोय आपण, ओल्यात प्लॅस्टिक टाकू नका, ओल्यात प्लॅस्टिक टाकू नका. आणि आज कमिटीच्या घरचा अख्खा जबडा!" आमचा सेक्रेटरी विलास कठड्यावर वाकून म्हणाला, "ऋताताई, नियमाने लिफ्टमधल्या बोर्डावर फ्लॅट नंबर लिहावा लागेल हां." इशरत म्हणाली, "लिहा ना. पुढे कारण लिहा, म्हाताऱ्याला जिलबी चाववली नाही." सगळे हसले. मीही हसले. ती वाक्य बोलून गेली, आणि एक-दोन पानं उलगडल्यावर माझं हसू थांबलं. खरंच, अप्पांच्या पानावर जिलबी तशीच होती. मी वाढताना पाहिली होती आणि पुढे गेले होते.

कवळी अळूत सापडली. इशरतने वर धरून दाखवली, "मिळाली! बघ, हसतेय."

मी ती धुतली, मंजनाने घासली, कढत पाण्यातून काढली. अप्पांच्या हातात दिली, तर त्यांनी ती वाटीतच ठेवली. "असू दे, उद्या लावतो." मग मी त्यांना खिडकीशी नेलं आणि तोंड उघडायला लावलं. ताई, आपण अप्पांच्या तोंडात कधी पाहिलेलं नाही. मोबाइलचा टॉर्च लावला. खालच्या हिरडीवर उजवीकडे लालभडक चर पडला आहे आणि पुढे एक पांढरा व्रण. ते कालच्या जेवणात झालेलं नव्हतं. ते कितीतरी दिवसांचं होतं.

इशरतची मुलगी समरा दातांची डॉक्टर आहे, इथेच सेक्टरमध्ये तिचा दवाखाना आहे. उद्या नेते.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मऊ भात ते आवडीने घेतात. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकत नाही, कारण पत्र तुझ्याकडे आहे. तू वाच.

ऋता


कोपरखैरणे, २८ जानेवारी

ताई,

समराकडे जाऊन आलो त्या दिवशीच लिहायला हवं होतं. बसले होते, लिहिलं नाही. आज लिहिते.

समराने कवळी प्लॅस्टरच्या साच्यावर ठेवून पाहिली. ती एका बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूने उचलली जाते. तिने बोटाने दाबली की टकटक वाजते, एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी. तिने ती उजेडात धरली. वरचा सगळा गुळगुळीतपणा गेला आहे, बारीक ओरखडेच ओरखडे.

"आजोबा, ही कशाने घासता? विटेने?"

अप्पा भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागले.

"आणि ही वाकलीय. असं गरम पाण्याने होतं. उकळत्या पाण्यात ठेवली होती का कधी?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी अप्पा बोलले. "मीच ठेवली. थंडीचे दिवस, म्हटलं कवळीलाही कढत पाण्याची आंघोळ घालावी."

समरा हसायला लागली. "आजोबा, तिला गार पाण्याचीच आंघोळ. कडक नियम." अप्पा म्हणाले, "यस सर." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आणि मी, ताई, तिथे बोलले नाही. समरा मला काकू म्हणते, तिच्या आईबरोबर मी सगळ्या सोसायटीला शिकवत फिरते. मी पर्सच्या बंदाशी खेळत बसले.

घरी परतताना रिक्षा केली नाही, अप्पांना चालायचं होतं. नाल्याच्या कडेने येताना मी विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"लेकीच्या वयाच्या पोरीसमोर तुला कशाला खाली बघायला लावायचं?"

"पण दुखत होतं तर मला का नाही सांगितलं? मी दर रविवारी तेच करत होते!"

त्यांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं. मग म्हणाले, "तू रोज सकाळी माझे दात हातात घेऊन घासायचीस. उजेडात धरून बघायचीस, परत घासायचीस. तुझी आई होती तोवर मी तिलाही हात लावू दिला नाही. लाज वाटायची. आणि तू अशी मन लावून घासायचीस, की मला सांगवेना."

मला तिथे रस्त्यात उभं राहावं लागलं. एक टेम्पोवाला हॉर्न देत होता. अप्पांनी माझा दंड धरून कडेला घेतलं.

तर ताई, हे असं आहे. त्यांची कवळी मी वाकवली. तुझ्या गोळ्या कपाटात ठेवून, चांगल्या हेतूने, स्वतःच्या हाताने. तू म्हणालीस ते अर्धं खरं ठरलं. अर्धं का म्हणते? कारण मी डब्याची काळजी केली आणि अप्पांची केली नाही, असं नाही. मी दोघांची केली. पण अप्पांना काय होतंय हे मी अप्पांना विचारलं नाही. बरणीला विचारत नाही तसं.

दुसऱ्या दिवशी समराकडे एकटी जाऊन सांगितलं की पाणी मी घातलं होतं. ती म्हणाली, "मला माहिती होतं, काकू. आजोबा 'आंघोळ' म्हणाले तेव्हा तुमचे कान लाल झाले होते." मग म्हणाली, "आता आलाच आहात तर बसा खुर्चीत." माझ्या दाढेत कीड आहे, आणि माझ्याच मंजनाने दातांच्या मुळाशी खाचा पडल्या आहेत. मी बांबूचा ब्रश पर्समधून काढून दाखवला, शाळेत बक्षीस दाखवावं तसा. ती म्हणाली, "ब्रश छान आहे, ठेवा. मंजन बंद करा. फ्लोराइडची पेस्ट आणा."

"ट्यूब कुठे टाकू पण?"

तिने खुर्चीखालचा डबा पायाने उघडला. आधीच्या पेशंटचं रूट कॅनाल झालं होतं. हातमोजे, सुई, नळ्या, पेला, अंगावर टाकायचा कागद, कापूस, किती पाकिटं. "हा एका दाढेचा कचरा. यातलं काही तुमच्या खड्ड्यात जात नाही. ट्यूब हवीय की हे?"

येताना पेस्ट घेऊन आले. अजूनही ट्यूब हातात घेताना मला खटकतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण घेते.

अप्पांची हिरडी भरून आल्यावर नवं माप घेणार. तोवर खाली काही नाही; वरची मात्र अजून बसते, तीच लावतात.

ऋता


कोपरखैरणे, ६ फेब्रुवारी

ताई,

तुझा मेसेज आला. "पुढच्या शनिवारी येते. अप्पांची बॅग भरून ठेव." इतक्या महिन्यांनी तुझ्या नावापुढे काहीतरी उमटलं आणि ते हे. मी भांडणार नाही. मला भांडायचा हक्क राहिला नाही असं मला वाटतं.

बॅग काढली. कपडे भरायला घेतले. अप्पा दारात उभे राहून बघत होते.

"कुणाची बॅग?"

"तुमची. ताई न्यायला येतेय."

"कुणी ठरवलं?"

"तिने. म्हणजे मी नाही म्हटलं नाही."

ते आत आले, बॅगेतला स्वेटर उचलून त्यांनी पलंगावर ठेवला. "मी काय तुमचा सोसायटीचा कचरा आहे? एक म्हणते ओला, एक म्हणते सुका, आणि डबा तुम्ही ठरवणार?"

मी हसले आणि रडले, दोन्ही. केयूर आतून म्हणाला, "अप्पांना एक पॉइंट."

"कागद घे," अप्पा म्हणाले. "लिही तिला." तर हे त्यांचे शब्द, जसेच्या तसे:

"स्मिता, दात बसल्याशिवाय मी हलणार नाही. कराडात मला चार माणसं ओळखतात. माझ्या हाताखालची पोरं आता नातवंडं घेऊन मैदानावर येतात. बोळक्या तोंडाने मी त्यांना विश्राम म्हणू का? तुझ्या सासूबाईंसमोर भात कालवून बसू? ऋताने चूक केली, ती तिला कळली, विषय संपला. तू आता ती उगाळू नको. आणि दिवाळीला न जेवता गेलीस ते चांगलं केलं नाहीस. तुझ्यासाठी तिने चकल्या ठेवल्या होत्या. अप्पा."

चकल्यांचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

तर शनिवारी येऊ नकोस. किंवा ये, पण बॅगेसाठी नको. दात बसले की मी त्यांना विचारणार आहे, कुठे राहायचंय. ते म्हणतील तसं. हे लिहिताना मला भीती वाटते आहे, तुला कळावं म्हणून लिहिते.

तुझ्या गोळ्या वरच्या कवळीसाठी सुरू केल्या. रात्री गोळी पाण्यात टाकली की सोड्यासारखी फसफसते. अप्पा खुर्ची ओढून बघत बसतात. रिकामी पाकिटं मी एका बरणीत साठवते आहे, कुठे घेतात का शोधायला. सापडलं नाही तर नाही.

ऋता


कोपरखैरणे, ४ मार्च

ताई,

नवी कवळी सोमवारी बसली. समराने दोनदा घासून सारखी केली, अप्पांना पन्नास ते साठ आकडे मोठ्याने म्हणायला लावले, आणि साठला दवाखान्यातली माणसं दचकली. आवाज परत आला आहे. काल सकाळी कट्ट्यावर गेले आणि पेपर वाचून दाखवून आले. दुपारी ज्वारीची भाकरी मागितली. कडेचा पापुद्रा आधी खाल्ला.

तू फोन केलास तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या हातात दिला आणि गॅलरीत गेले. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही. ते आत खूप वेळ हसत होते.

रात्रीची भांडी झाल्यावर मी विचारलं, ठरवल्याप्रमाणे. "अप्पा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"स्मिताकडे जातो," ते म्हणाले. लगेच. जणू प्रश्नाची वाटच बघत होते.

मी बरं म्हटलं. ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. मग राहवलं नाही. "माझ्यामुळे का?"

"हो."

ताई, ते असेच बोलतात, तुला ठाऊक आहे.

"पाण्यामुळे नाही," ते म्हणाले. "ते गेलं. पण तेव्हापासून तू जेवताना माझ्या समोर बसतेस. मी घास घेतला की तुझे डोळे माझ्या जबड्यावर. गिळला की तू गिळतेस. मला वाटतं, परीक्षा चाललीय. तू वाईट म्हणून नाही बघत, मला कळतं. पण मला जरा कुणी न बघता जेवायचंय. मैदानावर एक चक्कर मारायचीय. तुझी नजर साधी झाली की येतो परत."

मला वाईट वाटलं. मग वाटलं, त्यांनी पहिल्यांदाच आपल्याला दुखतंय तिथे बोट ठेवून मला दाखवलं. हिरडीचं सांगितलं नव्हतं, हे सांगितलं. मी म्हटलं, "जा. पण फोनवर आवाज ऐकवायचा रोज." म्हणाले, "यस सर."

तेव्हा आता खरंच बॅग भरली आहे. शनिवारी ये. जेवून जा. आणि आता तुला सांगते ते नीट ऐक, तू मोठी असलीस तरी.

गोळ्यांचे खोके बॅगेत तळाशी आहेत, मीच आणले, पुरून उरतील. पाणी साधं, नळाचं. रात्री दोन्ही कवळ्या काढायच्याच, ते "असू दे" म्हणतील, ऐकायचं नाही. ब्रश मऊ, वेगळा ठेवला आहे, निळ्या दांड्याचा, प्लॅस्टिकचा. धुताना खाली टॉवेल पसर, हातातून निसटली तर फुटू नये. मंजन नको, साबणाचा एक थेंब पुरे. हिरडीवर लाल दिसलं तर त्याच दिवशी दाखव. दिसण्यासाठी तोंड उघडायला लावावं लागेल, आणि ते आधी विचारून.

पोट भरलं म्हणाले तर एकदा आग्रह कर, दुसऱ्यांदा नको. पाकिटं तिथे कचऱ्यात टाकलीस तरी चालेल. मी विचारणार नाही.

आणि जेवायला त्यांना एकटं बसवू नकोस, ताई. फक्त समोर बसू नकोस. शेजारी बस.

ऋता